चार नंबरचं कार्ड

३ ऑक्टोबर २०११, सोमवार
वडनेर भोलजी. पोचलो एकदाचा! नांदुऱ्याला गाडीतून उतरलो तेव्हा उन्हाने डोकं भणभणत होतं, पण मन खूश होतं, हे नोंदवून ठेवतो. पुण्याच्या दवाखान्यात तीन वर्षं सरांच्या हाताखाली फायली वाहिल्या. आता हे केंद्र माझं एकट्याचं. गोळ्यांना दाद न देणारं जुनाट नैराश्य आणि चिंता, त्यावर चुंबकाच्या ठोक्यांचा नवा उपचार, तोही खेड्यात आणि फुकट. कापसाच्या पट्ट्यात उदास माणसांना तोटा नाही, असं सर म्हणाले. इथले निष्कर्ष छापून आले की माझी परदेशवारी पक्की.

जागा फारुखभाईंच्या कृषी केंद्राच्या माडीवर. खाली बीटी बियाण्यांची पाकिटं आणि फवारणीची औषधं, वर आम्ही मनं दुरुस्त करणार. जिन्यात नारळाएवढ्या बोंडाचं पोस्टर आहे. फारुखभाई माणूस सज्जन, पण तोंडाला कुलूप नाही. यंत्राने डोक्यातलं टेन्शन निघते तर कपाशीवरचा लाल्या रोग पण निघंल का, असं त्यांनी विचारलं आणि स्वतःच खो खो हसले. अशा विनोदांवर चार महिने काढायचे आहेत. जेवायला भाकरी आणि ठेचा होता. कानातून धूर निघाला.

५ ऑक्टोबर, बुधवार
यंत्र बसलं. दाताच्या डॉक्टरकडे असते तशी खुर्ची, आणि दांडीला अडकवलेली काळी कॉइल. ती डोक्याच्या डाव्या बाजूला टेकवायची. चार सेकंदांत चाळीस ठोके, मग सव्वीस सेकंद थांबायचं. असे पंच्याहत्तर फेरे, आठवड्यातून पाच दिवस, एकूण वीस दिवस.

त्याआधी रोज मात्रा ठरवायची. कॉइल जरा मागे धरून एकेक ठोका द्यायचा आणि ताकद वाढवत न्यायची. ज्या ताकदीला उजव्या हाताचा अंगठा उडतो, ती त्या माणसाची मात्रा. अंगठा उडाला नाही तर उपचार नाही, हा नियम. मला ही पद्धत फार आवडते. चेहऱ्याकडे बघायचं कामच नाही. रडगाणं ऐकायचं नाही. अंगठा बघा आणि मोकळे व्हा.

मदतीला प्रेमानंद म्हणून एकजण आहेत. साठीला आलेले, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेले कंपाउंडर. प्रत्येक पेशंटला गाव, घर, लेकरंबाळं विचारत बसतात. वेळेचा नुसता खून.

७ ऑक्टोबर, शुक्रवार
फुकट उपचाराची बारा कार्डं होती, बाराही भरली. तेरावी बाई जिन्यातच बसून राहिली होती, तिला प्रतीक्षा यादीत टाकलं.

प्रश्नावलीत नऊ प्रश्न. उत्तर शून्य ते तीन. पोरगंही सांगेल. पण हे लोक! झोप लागते का विचारलं की कपाशी कधी वेचली इथून सुरुवात. चार नंबरची सत्यभामाबाई तर कहरच. पलीकडच्या खेड्यातली, वय पंचेचाळीस, सहा वर्षं अकोल्याच्या गोळ्या खाते, गुण नाही. तिला म्हटलं, आकडा सांगा. तर म्हणे, छातीवर कोणी बसून राह्यते जी, त्याचा आकडा कोणता? मी शेऱ्यात लिहिलं, 'उत्तरे अस्पष्ट'.

नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. त्यावर बाई गप्प. पुरता एक मिनिट गप्प. मग विचारते काय, तर आजच खुर्चीत बसवत नाही का. मी शून्य लिहिलं. तीन लिहिलं असतं तर अकोल्याला पाठवा, फोन करा, नातेवाइकांच्या सह्या घ्या, एवढं झंझट कोणी करायचं? आणि तोंडाने ती काही बोललीच नव्हती.

सगळ्यांना एकतीस तारखेपासून बोलावलंय. उपचारात खंड पडलेला चालत नाही, आणि दिवाळीला मी इथे ठेचा खात बसणार नाही. सत्यभामाबाई जाईना. प्रेमानंद मध्ये पडले, उद्यापासून घ्या म्हणते सर, लई बेजार आहे. मी म्हटलं, सहा वर्षं थांबली, आणखी तीन आठवडे थांबली तर काय आभाळ कोसळणार आहे?

३१ ऑक्टोबर, सोमवार
पुण्याहून काल परत. चकल्या आणल्या आहेत, लपवून ठेवल्या. आज उपचार सुरू. भारनियमनाने दोनदा लाइट गेली, जनरेटरवर भागवलं. बारा जण, बारा अंगठे. सगळ्यांची बोटं बोंडांच्या काट्यांनी ओरखडलेली. नंबर पुकारायचा, कार्डावर शिक्का मारायचा, हात खुर्चीच्या दांडीवर ठेवायला सांगायचं. एकेकाला पाऊण तास लागतो. मी फार व्यवस्थित माणूस आहे.

३ नोव्हेंबर, गुरुवार
चार नंबरने वैताग दिला. सोमवारी हिचा अंगठा बावन्नला उडाला, मंगळवारी एकसष्टला, काल सत्तेचाळीसला. माणसाची मात्रा अशी माकडासारखी उड्या मारत नाही. आज तर कमालच. शंभरपर्यंत नेलं तरी अंगठा ढिम्म. हात गार. बोटांची टोकं पाण्यात फार वेळ राहिल्यासारखी सुरकुतलेली, अंगठ्याचं नख काळंनिळं. धुणं टाकून तशीच आली असणार. स्वच्छतेचं तरी कौतुक करावं म्हणतो.

यंत्र बिघडलं की काय म्हणून कॉइल स्वतःला लावून पाहिली. माझा अंगठा पंचावन्नला टणकन उडाला. म्हणजे दोष बाईत. नियमाप्रमाणे परत पाठवली. उठली आणि गेली. बरं झालं, मागच्या वेळसारखी चिकटून बसली नाही.

८ नोव्हेंबर, मंगळवार
चार नंबर शुक्रवारपासून पुन्हा व्यवस्थित. फक्त हात रोज वेगळाच वाटतो. शुक्रवारी हिरव्या बांगड्या, काल मनगटावर गोंदण, आज बांगड्या लाल. मी प्रेमानंदांना म्हटलं, ह्या बायकांना उदास व्हायला वेळ नाही, नटायला बरा मिळतो. ते काहीतरी बोलणार होते, पण मी पुढचा नंबर पुकारला.

१० नोव्हेंबर, गुरुवार
पुन्हा तेच. शंभर. काळं नख. अंगठा हलत नाही. मी जरा ओरडलो. म्हटलं, बाई, रोज येता ती नाटकं करायला येता का? हात उचलून बाजूला ठेवला तर इतका जड होता की दोन्ही हात लावावे लागले. परत पाठवली. नंतर साबणाने हात धुतले, दोनदा.

दुपारभर उजव्या हाताला मुंग्या येत होत्या. थकवा असेल.

१४ नोव्हेंबर, सोमवार
आज सगळं क्रमाने, नीट लिहायचं ठरवलंय.

चार नंबरच्या घरच्यांना खुलासा करायला बोलावलं होतं. तिघी आल्या. जनकाबाई, बेबीताई या सत्यभामाबाईच्या जावा, आणि सारिका ही तिची सून. मी विचारलं, यातली सत्यभामाबाई कोण? तिघी एकमेकींकडे बघायला लागल्या. मग जनकाबाई म्हणाली, थे तर गेली जी. धनतेरशीच्या दिवशी, वावरातल्या विहिरीत.

वर आणखी सांगते की कार्ड वाया जाईन म्हणून कळवलं नाही, ते तेराव्या बाईले गेलं असतं. दुःख काही तिच्या एकटीचं नव्हतं, घरातच होतं, झोप कोणालेच नाही. वेचणीच्या हंगामात रोज एकीला मोकळीक मिळत नाही, म्हणून जिला सुटका होईल ती त्या कार्डावर यायची. आमच्या इकडे कार्ड घराचं असते, असं बेबीताईने मलाच समजावलं.

मी खूप बोललो. अडाणी म्हणालो, माझ्या निष्कर्षांची माती केली म्हणालो. नंतर नोंदवही काढली आणि कोण कधी आलं ते लावायला बसलो. हिरव्या बांगड्या सारिकाच्या. गोंदण जनकाबाईचं. लाल बांगड्या बेबीताईच्या. एकेक दिवस जुळत गेला. दोन दिवस राहिले. तीन तारीख आणि दहा तारीख. त्या दोन्ही दिवशी आम्ही तिघीबी दिवसभर वावरात होतो, असं तिघी सांगतात. त्या दोन्ही गुरुवारी आमच्यातून कोणीच आलं नाही, सर.

वहीत माझ्या अक्षरात आहे. चार नंबर, हजर. अंगठा हलत नाही. परत पाठवले. दोनदा.

सारिकाने विचारलं, हात कसा होता. मी नखाचं सांगितलं. तिने स्वतःचा अंगठा मुठीत धरला. विहिरीतून काढली तेव्हा सासूचं नख तसंच ठेचलेलं होतं, कड धरली असणार, म्हणाली. मग जनकाबाईने विचारलं, कशी दिसत होती, सांगा ना. रडत होती का? मी बघितलंच नव्हतं.

प्रेमानंदांना जाब विचारला, तुम्हाला माहीत होतं तर सांगितलं का नाही? म्हणाले, मले वाटलं तुमाले माहीत आहे. रोज त्या बायांले तुम्हीच तर पाहता.

१५ नोव्हेंबर, मंगळवार
कार्डावर 'बाद' लिहिलं. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. नोंदीत गडबड झाली असणार, दुसरं काय.

पाच नंबरला पुकारलं. पुरुष आहे, पिंपळगाव राजाचा, दांडगा गडी. खुर्चीत बसला. मी अंगठ्याकडे पाहिलं.

काळं नख.

मान वर केली नाही. माझ्याने झालं नाही. केंद्र बंद केलं, पेशंट घरी पाठवले. फारुखभाईंनी चहा पाठवला, तो तसाच गार झाला.

१६ नोव्हेंबर
निघालो होतो. यंत्र गेलं खड्ड्यात, परदेशवारी गेली खड्ड्यात. नांदुऱ्याच्या एसटीत बसलो. भर दुपार, गाडी भरलेली. शेजारच्या बाईने पुढच्या सीटची दांडी धरली —

उतरलो. चालत आलो. माझ्या मागे कोणी चालत होतं की नाही, माहीत नाही. मागे बघितलं नाही.

१७ नोव्हेंबर
सारिका आली होती. एकटीच. भांडायला आली असेल वाटलं, तर हात जोडून उभी. म्हणाली, तिले तिचं देऊन टाका सर. नंबर तिचा, कार्ड तिचं. तुम्ही तीनदा वापस पाठवलं, एकदा जितेपणी अन् दोनदा मेल्यावर, उपचार घेतल्याबिगर थे जात नाही. घरी चुलीजवळ बसून राह्यते. मरूनबी तिले बरं नाही वाटून राह्यलं.

मी नियम सांगितला. अंगठा उडाल्याशिवाय — सांगताना माझीच मला किळस आली. शून्य मी लिहिलं होतं. गप्प बसलेल्या बाईपुढे शून्य. तीन लिहिलं असतं तर ती आज कापूस वेचत असती.

उद्या बसवतो. मात्रा तिची नाहीच, तर माझीच लावतो. पंचावन्न. एकदा झालं की सुटेल. ती आणि मी.

प्रेमानंद थांबतो म्हणाले. नको म्हटलं. बाहेर बसा.

१८ नोव्हेंबर
सकाळचे अकरा. नंबर पुकारला, चार. आली. कॉइल लावली. लाइट गेलेली, जनरेटर बंद, तरी यंत्र चालतंय. सव्वीस सेकंद मिळतात, तेवढ्यात लिहितो —

फेरा सहा. तिचा अंगठा तसाच. माझा उडतो. दर ठोक्याला. पेन सुटतं. माझ्या डोक्यावर काहीच नाही, हात लावून पाहि —

फेरा एकोणीस. उठता येत नाही. छातीवर काहीतरी आहे. कोणी तरी बसलंय. याला आकडा नाही. खरंच नाही, बाई, तुमचं बरो —

फेरा चौतीस. तिचा हात ऊबदार. नखाखाली लाली. सुरकुत्या गेल्या. बरी होते आहे! उपचार लागू पडतो, सरांना कळव —

फेरा बावन्न. प्रेमानंदांना हाक मारली. आवाज निघत नाही. ते बाहेर कोणाला तरी लेकरांची नावं विचारतायत. ऐकू येतंय. मलाही विचारा —

सत्तर. विहीर दिसते. दिवसाढवळ्या. पाणी गार आहे, बरं वाट — नको —

पंच्याहत्तर. थांबलं. खुर्ची रिकामी. ती उठून उभी आहे, माझ्यासमोर. आता बघतो मी. मान वर केली. बघतोय बाई, तुमच्याकडेच —

ती माझ्याकडे बघत नाही. माझ्या अंगठ्याकडे बघते. नुसती अंगठ्याकडे. वर बघा ना. एकदा माझ्या तोंडाकडे बघा. परत पाठवू नका, आजच बसवा, लई बेजार आहो जी, मले —