पान एकशे बारा

लोणार,
२० जानेवारी २०२५

प्रिय सुचिता,

संक्रांत होऊन गेली, तिळगूळ उशिरा पोचतो आहे. उशिराचा असला तरी गोडच आहे, खाऊन टाक. माझी प्रकृती गुडघे सोडले तर ठीक. तुझी कशी ते विमलबाईंना सांग, त्या मला सांगतील. तुझ्या मोबाइलवर आधी तुझे पुतणे ‘हॅलो’ म्हणतात आणि मग तू. त्यापेक्षा आपली खामगावच्या कॉलेजातली पत्रांची सवय बरी. विमलबाईंसारख्या कासारणीच्या टोपलीत कोणी हात घालत नाही आणि ती सुनांना बांगड्या भरायला बसली की पुरुष माजघरात फिरकत नाहीत. आपल्याकडचा हा एक रिवाज माझ्या उपयोगी पडला.

बातमी अशी की माझी तिसरी कादंबरी छापून आली. ‘उतरणीचा घाट’. पुण्याच्या एका प्रकाशकाने आठ महिने ठेवून घेतली आणि मग ‘भाषा जरा प्रादेशिक वाटते’ असं कळवलं. त्याला उत्तर लिहिण्यात शाई घालवली नाही. खामगावच्या प्रेसमध्ये स्वतः बसून छापून घेतली. लिहिणारी मी, प्रुफं तपासणारी मी आणि विकणारीही मीच.

विकण्याचं काम लिहिण्यापेक्षा अवघड आहे. माझ्या दुकानात झेरॉक्सच्या मशीनशेजारी प्रती मांडल्या आहेत. परवा एक गृहस्थ बराच वेळ पानं चाळत होते. मला वाटलं, आता घेतात. म्हणाले, “बाई, बारावीचे अपेक्षित प्रश्न हायेत काय याच्यात?” मी म्हटलं, “उत्तरंही नाहीत.” सरोवर पाहायला आलेले लोक पाण्याची बाटली घेतात आणि माझ्या पुस्तकाने वारा घेतात. शेजारच्या हळदीकुंकवात मी पहिलं प्रकरण पिन मारून वाटलं. सगळ्यांनी तोंडभर कौतुक केलं. एकीने माझ्या देखत त्यात चिवडा बांधून नेला.

तू नेहमी विचारतेस, कसं लिहितेस. दुकान उघडायच्या आधी लिहिते, रोज अर्धं पान. नियम एकच. खऱ्या माणसाचं जसंच्या तसं काही घ्यायचं नाही. गाव बदलायचं, वय बदलायचं, पीक बदलायचं. या खेपेलाही सगळं बदललं आहे. सोयाबीनचा ऊस केला. विहीर होती तिथे नदी केली.

तुला प्रत पाठवत नाही. टोपलीत मावणार नाही, आणि तुला बारीक अक्षर वाचवत नाही हल्ली.

शिवाय एक नवीन उद्योग शिकले. मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवते आणि कादंबरीतलं एक पान वाचून त्याचा व्हिडिओ टाकते. लोक बघताहेत. कुठलं पान ते महत्त्वाचं नाही.

पूनम अकोल्याला बरी आहे ना? लेकीकडे जरा जाऊन राहा चार दिवस. हवापालट होईल.

तुझी
सुभद्रा

ता. क. तुझे दीर मोबाइलवर व्हिडिओ बघतात का? सहज विचारते.


लोणार,
९ फेब्रुवारी

प्रिय सुचिता,

या खेपेला ख्यालीखुशाली नाही.

विमलबाईंनी तुझा निरोप दिला. शब्दाला शब्द दिला. “तिले म्हना, धारेवरचं बोलनं धारेवरच राहू द्याचं होतं.” त्यांना अर्थ लागला नाही. मला लागला. तू व्हिडिओ पाहिलास. म्हणजे तो तुमच्या घरात पोचला आहे.

आता आडवळणाने लिहीत नाही.

तीन वर्षांपूर्वी श्रावणात आपण दोघी इथल्या गोमुखाच्या धारेवर आंघोळीला गेलो होतो. ओल्या लुगड्याच्या आडोशाला तू परकराची नाडी बांधत होतीस आणि मध्येच तुझे हात थांबले. म्हणालीस, “संजीवनीची गाठ तिची नव्हती.” तुझी धाकटी जाऊ, भगवंतरावांची बायको, मळ्यातल्या विहिरीवर पाय घसरून गेली, असं सगळ्या पंचक्रोशीसारखं मीही ऐकलं होतं. तिच्या माहेरची माणसं पोचायच्या आत सरण पेटलं होतं, हेही ऐकलं होतं. पुढचं त्या दिवशी तुझ्याकडून कळलं. तिला शेवटची आंघोळ घातली ती तिघींनी. तुझी सासू, तुमच्याकडे कामाला असलेली अंबूबाई आणि तू. लुगडं सोडल्यावर खाली परकराची नाडी पोटावर मधोमध, पुरुष पायजम्याची बांधतात तशी, दुहेरी गाठ आवळून. परकराची चीर कुशीवर हवी ती समोर आलेली. संजीवनी जन्मभर डाव्या कुशीवर साधी गाठ मारायची. तिने ते कपडे स्वतः घातलेले नव्हते. कोणा पुरुषाने तिला नेसवलं होतं, आणि त्यानंतर ती विहिरीत गेली होती. तुझ्या सासूने विळीवर नाडी कापली, चुलीत घातली आणि म्हणाली, “पानी ओता.” तुम्ही पाणी ओतलंत.

तू ते मला सांगितलंस कारण तुला एकटीला पेलवत नव्हतं. कादंबरीत घाल म्हणून सांगितलं नव्हतंस. हे मला समजतं, मी निर्बुद्ध नाही.

पण लिहिताना काय होतं ते ऐक. मी माझा नियम पाळला. गाव, नावं, नातं, पाणी, सगळं फिरवलं. त्या एका गाठीच्या जागी मात्र दुसरं काही बसेना. फुटकी बांगडी घालून पाहिली, हरवलेलं जोडवं घालून पाहिलं. सगळं नाटकी वाटायचं. चिडून एका सकाळी गाठ होती तशी लिहिली आणि पान उभं राहिलं. पान एकशे बारा. पुस्तकातलं तेवढंच पान असं आहे की ज्याच्याबद्दल मला शंका नाही. मग जाहिरातीसाठी कुठलं वाचणार? फळवाला चांगला आंबा वरच ठेवतो. मीही ठेवला. आणि लोक बघू लागले तेव्हा मला आनंद झाला. तो लपवत नाही.

काल भगवंतराव दुकानात आले.

“राम राम बाई. वळखलं काय?”

“सुचिताचे दीर. बसा.”

“बसत नाही. तुमचं पुस्तक पाह्याले आलो.” त्यांनी प्रत उचलली आणि पान काढलं. त्यांना शोधावं लागलं नाही. “हे असं तुमाले सुचते कसं वो?”

“सवयीने.”

“नाही, झाडं-पाखरं सुचनं मी समजू शकतो. पन हे नाडीचं...” ते हसले. फार सभ्य हसतात ते. “हे तं ज्यानं पाह्यलं त्यालेच लिवता येते.”

मी त्यावर काहीतरी उत्तर दिलं.

त्यांनी काउंटरवरच्या सगळ्या प्रती घेतल्या. तीन पिशव्या झाल्या. म्हणाले, “गावात वाटतो. आमच्या वैनीची मैत्रीन एवढी मोठी लेखिका, लोकायले मालूम नको काय?” गाडीत बसता बसता काच खाली केली. “वैनीची तब्येत बरी नसते आजकाल. तुमाले तं समजलंच असन.”

मला समजलेलं नाही. काय झालं आहे तुला? विमलबाईंजवळ एक शब्द पाठव, बरी आहे एवढाच.

सुभद्रा


लोणार,
२१ फेब्रुवारी, सकाळी

सुचिता,

हे पत्र वाचून लगेच विमलबाईंच्या हातात परत दे, त्या चुलीत घालतील.

तुझा शब्द आला नाही. विमलबाई आल्या. पाय चेपून देते या सबबीवर त्या तुझ्या खोलीत शिरल्या तेव्हा तू डोळे उघडलेस, पण ओळख दिली नाहीस, असं म्हणाल्या. “मांगच्या खोलीत निजवलं बाई तिले. दाराले भाईरून कडी. सून म्हने, आत्याबाईले चक्कर येते, पडतीन. कायचं तं औषध पाजून राह्यले. वास पाह्यला मी त्याचा, मले भेवच वाटला.” विमलबाई जन्मात कशाला घाबरल्या नाहीत.

ते औषध घेऊ नकोस. तोंडात धर आणि उशीच्या अभ्र्यात थुंक. आज रात्रीपासून.

काल दुकानात दोन माणसं पत्रिका देऊन गेली. आर्ट पेपरवर, चार रंगांत. माझा फोटो आहे, फेसबुकवरून घेतलेला. उद्या दुपारी चार वाजता तुमच्या शाळेच्या मैदानावर माझा जाहीर सत्कार. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह. अध्यक्ष भगवंतराव. खाली जाड अक्षरांत छापलं आहे: ‘लेखिका आपल्या कादंबरीतील पान क्र. ११२ चे वाचन करतील व ते कसे सुचले ते सांगतील.’ तीस वर्षं लिहिते आहे, कोणी नारळसुद्धा दिला नव्हता. मला घ्यायला त्यांची गाडी येणार आहे. परत कोण सोडणार ते पत्रिकेत नाही.

आता ते उत्तर. मागच्या पत्रात गिळलं होतं. ‘ज्यानं पाह्यलं त्यालेच लिवता येते’ असं ते म्हणाले तेव्हा मला राग आला. भीती नव्हे, राग. माझ्या लिहिण्याला हा माणूस कमी लेखतो आहे, असं वाटलं. मी ताठ बसून म्हटलं, “पाहावंच लागतं असं नाही. लेखकाला ऐकूनही लिहिता येतं.”

कोणाकडून, असं त्यांनी विचारलं नाही. मान हलवली फक्त. पाहणाऱ्या तिघी होत्या आणि त्यांतल्या दोघी गेल्या. हिशेब मी दुकानात बसल्या बसल्या त्यांच्या हातात दिला, तोऱ्यात.

माफी मागत बसत नाही. तुला माफ करायला सवड मिळेल अशी आधी व्यवस्था करते.

आज मी फौजदाराकडे जाऊ शकते. पण चौकशी तुमच्या दारात पोचेपर्यंत दोन पंचनामे, चार चहा आणि सहा फोन होतात, आणि तू कडीच्या आत आहेस. आजारी बाईचं काहीही होऊ शकतं, गाव मान डोलावतं. म्हणून आधी तू बाहेर, मग मी ठाण्यात. पूनमशी बोलले आहे. ती रडली, मग म्हणाली, “मावशी, गाडी कुठे उभी करू?” पोरगी तुझ्यापेक्षा घट्ट आहे.

उद्या असं करायचं. सत्काराला तुमच्या घरचे सगळे मंडपात असणार. पुरुष व्यासपीठावर. मला ओवाळायला दोघी सुना लागणार, कारण मी गाडीतून उतरल्याबरोबर सांगणार आहे की लेकीसुनांनी ओवाळल्याशिवाय मी पायरी चढत नाही. असा माझा कसलाही नेम नाही. पण लेखिका विक्षिप्त असते असं लोकांना आवडतं, तर असू दे.

कार्यक्रम सुरू झाला की विमलबाई मागच्या दाराने येतील. कडी त्या काढतील. बांधावरून पांदणीच्या गाडीवाटेपर्यंत चालायचं आहे तुला, तेवढं चाल. पडलीस तर उठ. तिथे विमलबाईंच्या जावयाची अ‍ॅपे असेल. मेहकरच्या स्टँडवर पूनम. काहीही बरोबर घेऊ नकोस, दागिना नाही, लुगडं नाही. नवऱ्यामागे सातबारावर लागलेलं तुझं नाव तिथून पळून जात नाही, ते नंतर बघू.

गावात चार भोंगे लावले आहेत, पत्रिका देणारा मोठ्या कौतुकाने सांगत होता. म्हणजे माझा आवाज तुझ्या खोलीत येईल. जोवर मी बोलते आहे तोवर भगवंतराव अध्यक्षांच्या खुर्चीत बसलेले आहेत. अध्यक्षाला भाषणाच्या मध्ये उठता येत नाही, सगळं गाव बघत असतं. मी आधी सरस्वतीपासून सुरुवात करीन. मग माझं बालपण, मग आपलं कॉलेज, मग पुण्याचा प्रकाशक, मग कागदाचे भाव. माझं भाषण लांबतं अशी तालुक्यात माझी बदनामी आहे. उद्या ती सार्थकी लावते.

‘कसे सुचले’ हेही सांगणार आहे. सांगेन की अंबूबाईने सांगितलं. मरायच्या आधी ती माझ्या दुकानात आली होती, एका पाण्याच्या पेल्यावर सगळं बोलून गेली, असं. ती कधी माझी पायरी चढली नाही, पण तिचं आता कोणी काही करू शकत नाही. हे माझं शेवटचं काल्पनिक लेखन समज. चांगलं जमवीन. त्यांनी विश्वास ठेवला तर तुझ्यावरची नजर हटेल. नाही ठेवला तरी ऐकून घ्यावं लागेल, आणि तेवढ्या वेळात तू पांदण ओलांडशील.

माझ्या परतीचं विचारू नकोस. दुकानाची किल्ली शेजारी दिली आहे. पत्रिकेची एक प्रत आणि एक लिफाफा पूनमकडे पोचेल, तो तिने तू गाडीत बसल्यावर उघडायचा आणि सरळ बुलढाण्याला, जिल्ह्याच्या पोलीस कचेरीत न्यायचा, मेहकरला थांबायचं नाही.

एकच लक्षात ठेव. पान एकशे बारा मी अगदी शेवटी ठेवलं आहे. सगळं बोलून संपलं, सांगण्यासारखं काही उरलं नाही, की मगच ते उघडणार. ते तू लिहिल्यासारखं आहे, तूच सांगितलेलं आहे, तरी ते तुझ्या कानावर पडता कामा नये. पडलं, तर समज की तू अजून भोंग्याच्या टप्प्यात आहेस आणि माझे शब्द संपत आले आहेत. मग मागे बघू नकोस, पळ.

भोंग्यात आवाज आहे तोवर
तुझीच,
सुभद्रा