राष्ट्रकवीची शेवटची पुस्तकं

प्रिय छोट्या,

हे पत्र टपालाने न येता नर्सबाईंच्या हातून येईल. समोरच्या घरातल्या त्या. लेकीच्या बाळंतपणासाठी सीमेपलीकडे, तुझ्याच शहरात निघाल्या आहेत. त्यांना काही विचारत बसू नकोस, त्यांना काहीच माहीत नाही.

राष्ट्रकवीवरचा तुझा लेख माझ्याच टेबलावर आला होता. बावीस वर्षं या छापखान्यात प्रूफं तपासते आहे, पण सख्ख्या भावाच्या लिखाणावर लाल पेन चालवायची ही पहिलीच वेळ. पहिली दोन पुस्तकं तेवढी कविता, पुढची नऊ नुसती सलामी, असं तू लिहिलंस. सरकारी बंगला मिळाल्यापासून त्याची कविता कधी बसून बोललीच नाही, हे वाक्य वाचून मला हसू आलं आणि तुझा रागही आला. आईला चौथीतून शाळा सोडावी लागली होती. तिला नीट वाचता यायला लागलं ते त्याच्या सातव्या पुस्तकावर. बाबा गेले तेव्हा सांत्वनाला आलेल्यांपैकी कोणाचंच बोलणं तिच्या कानात शिरत नव्हतं, तेव्हा ती त्यातलंच एक पान उघडून बसायची. तू त्याला सलामी म्हण, आईने त्यावर अख्खं वर्ष काढलं. तू सोळाचा असताना जेवताना आपली यावरूनच जुंपली होती, आठवतं? बाबा म्हणाले होते, "दोघांनाही तो तोंडपाठ आहे, मग भांडता कशावरून?" आमटी गार झाली, पण आपण हटलो नाही.

ते बंगल्याचं वाक्य काढून टाकावं असं माझ्या मनात आलं होतं. पेन टेकवलंही. मग वाटलं, मला पटत नाही म्हणून तुझं वाक्य खोडायची मी कोण? स्वल्पविराम तेवढे दुरुस्त केले आणि पान पुढे पाठवलं. या महिन्यात मी दुसरा कसलाही विचार केलेला नाही.

अंक बाहेर पडला आणि तिसऱ्या दिवशी परत मागवला गेला. गठ्ठे आले तसे मागच्या खोलीत गेले, खोलीला नवं कुलूप लागलं. संपादक रजेवर आहेत असं सांगतात, पण त्यांच्या दारावरची पाटीही उतरवली आहे आणि भिंतीवर स्क्रूची चार भोकं राहिली आहेत. तुझा लेख संगणकावर लावणाऱ्या अण्णांना चौकशीला बोलावलं होतं. चौथ्या दिवशी ते कामावर आले. चहाचा कप दोन्ही हातांनी धरून प्यायले आणि कामाला लागले. आता जेवणाच्या सुट्टीत सगळे आपापल्या टेबलावरच डबा उघडतात.

गेल्या मंगळवारी दुपारी दोघं घरी आले. एक तरुण, चष्मेवाला, तो पुस्तकांच्या कपाटापाशीच उभा राहिला. दुसरा बाबांच्या वयाचा, फार अदबीने बोलणारा. आईला नमस्कार केला, चहाला छान म्हणाला. तुझ्या जुन्या पुस्तकांच्या समासातलं अक्षर कोणाचं, असं त्याने विचारलं. मी तुझं म्हणून सांगितलं. मग म्हणाला, "ही मतं त्याला कोणी शिकवली, की त्याची स्वतःचीच?" मला वाटलं, दुसऱ्या कोणाचं नाव यात ओढलं जायला नको. मी म्हणाले, "त्याचीच. लहानपणापासूनची." चष्मेवाल्याने ते लिहून घेतलं. ते लिहून होईपर्यंत मला कळलं नाही की मी काय बोलून बसले. हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळायच्या आधी माझ्याकडूनच कळावं.

न राहवून मी म्हणाले, कवितेबद्दल माणसांची मतं वेगळी असतातच की, माझंही त्याच्याशी पटत नाही. तो म्हातारा हसला. म्हणाला, "शेवटची पुस्तकं मलाही फारशी आवडत नाहीत, बाई. प्रश्न आवडीचा नाहीच." मला भीती वाटली ती तिथे. तोवर मला वाटत होतं, त्यांना नीट समजावून सांगता येईल.

जाताना त्याने खिशातून एक कागद काढला आणि माझ्यापुढे ठेवला. तो माझ्या अक्षरात उतरवून द्यायचा होता. आई तेव्हा आत गेली होती. चष्मेवाला तिच्या खोलीच्या दाराला टेकून उभा राहिला. मी उतरवून दिला, छोट्या. त्यात शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या, 'आजारी'तली री ऱ्हस्व आणि 'शेवटची'तली ची ऱ्हस्व. मी त्या तशाच ठेवल्या. ताई असं कधी लिहिणार नाही हे तुझ्या लक्षात येईल, अशी आशा केली. पण आशेवर सोडून द्यायला धीर होईना, म्हणून हे लिहिते आहे.

ते पत्र एव्हाना तुला मिळालं असेल, नाहीतर आज-उद्या मिळेल. आई फार आजारी आहे, तुझं नाव घेते आहे, शेवटची भेट म्हणून ताबडतोब निघ, असं त्यात आहे. आई ठणठणीत आहे. काल तिने गाद्या उन्हात घातल्या. तू येऊ नकोस. फोन करू नकोस, या पत्राला उत्तरही पाठवू नकोस. आणि यापुढे माझ्या अक्षरात, अगदी शुद्ध, एकही चूक नसलेलं पत्र आलं आणि मी त्यात कितीही कळवळून ये म्हटलं असलं, तरी येऊ नकोस.

तुझीच,
ताई