अठ्ठाविसावं नाव

१४ नोव्हेंबर
शिरातोरी मोकळा झाला! करार संपला, आता मनाला येईल त्या संघात जाईल. बेसबॉलमध्ये चेंडू फेकणारा असा डावखुरा पिचर अख्ख्या जपानात दुसरा नाही. आमच्या सुरुहामा संघाला हवाच. मी स्वतः जाणार. हातगाडीवर माशाच्या वड्या विकून वर आलोय – गिऱ्हाइकाकडे दलाल धाडत नसतो.

१७ नोव्हेंबर
त्याच्या गावी जाऊन आलो. सोबत आपल्याच वड्या. त्याची आई म्हणाली, "अगंबाई, मालक स्वतः!" तो मुलखाचा अबोल. एवढंच विचारलं, "मुनाकातासान खेळतात ना अजून?" मुनाकाता म्हणजे आमचा कॅचर, एके काळी ह्याचे चेंडू तोच झेलायचा. म्हटलं, "खेळतोय की!"
जमतंय!

२० नोव्हेंबर
नियम असा, की आपण दुसऱ्या संघाचा पिचर घेतला तर बदल्यात ते आपला एक माणूस उचलणार. अठ्ठावीस नावं तेवढी राखता येतात. व्यवस्थापक इगाराशीला घेऊन क्लबात यादीला बसलो. सत्तावीस झाली. उरला मुनाकाता, नाहीतर नवा फलंदाज.
"सदतीस वर्षांचा, गुडघे गेलेले. त्याला कोण उचलतंय! नव्याचं लिही."
"हळू, मालक. पलीकडे खेळाडूंचं मालिश चाललंय."
मध्ये कागदाचं दार. आवाज फेरीवाल्याचा, त्याला मी काय करू?

२९ नोव्हेंबर
शिरातोरीचा फोन. "माफ करा. जुन्याच संघात राहतो."
पंधरा दिवसांची धावपळ पाण्यात! बायको, त्सुयू, म्हणाली, "पिचर गेला, भूक तर नाही ना गेली? बसा जेवायला." बसलो. मुळा छान मुरला होता.

३० नोव्हेंबर
झोप उत्तम.

२७ डिसेंबर
कारखान्याच्या अंगणात संघाची नववर्षाची मोची, म्हणजे चिकट भाताचे गोळे, कुटायची धमाल. घण मुनाकाताच्या हातात, उखळीतला भात उलटवायला मी.
"मालक, हात सांभाळा! वड्यांत बोटं निघाली तर गिऱ्हाईक पळेल."
"तू गुडघे सांभाळ, म्हाताऱ्या!"
अख्खं अंगण हसलं. पिचर नाही आला, न येऊ दे. ही माणसं काय वाईट आहेत?

२९ डिसेंबर
शिरातोरीचं पत्र. त्यातलं उतरवून ठेवतो –
"मुनाकातासाननी तीनदा फोन केला. म्हणाले, 'ये तू. यादीत मी नाही, तुझ्या बदल्यात मला जावं लागलं तरी चालेल. मालक मनाचा चांगला आहे.' त्यांना घालवून मी कसा येऊ?"

म्हणजे सगळं ऐकलं होतं त्याने. आणि परवा माझ्याच बोटांची काळजी करत होता!
त्सुयू मला नेहमी म्हणते, तुमचे कान तिखट, पण तोंडाला दार नाही.

३० डिसेंबर
सकाळीच इगाराशीला फोन. म्हटलं, यादी काढ, मुनाकाताचं नाव घाल.
"मालक, यादी आता लागणारच नाही."
"तरी लिही. सगळ्यात वर."