यादीत नसलेली गाडी

९ मार्च

मावशी यांस,
नमस्कार.

तुमची तब्येत बरी असेल असं धरून चालते. इकडे बाबा बरे आहेत, मीही बरी आहे. माझं ऑफिस पुन्हा सुरू झालं. आई गेल्याचं बाबांनी तुम्हाला ११ फेब्रुवारीलाच फोनवर सांगितलं होतं. तुम्ही ऐकून घेतलंत आणि फोन ठेवलात, असं ते म्हणाले. हे पत्र त्याबद्दल नाही.

कारण व्यावहारिक आहे. आईचं कपाट आवरताना खालच्या कप्प्यात एक निळी बॅग सापडली. चार दिवसांचे कपडे, औषधांचा डबा, घरात घालायच्या सपाता आणि एक नवी लोकरी शाल, दुकानाची चिठ्ठी न काढलेली. शाल राखाडी आहे. आईला तो रंग आवडत नसे. तुम्हाला आवडायचा, एवढं मला आठवतं. तेव्हा ती तुमच्यासाठीच घेतलेली असणार. पाठवायची का, आणि कुठे, ते कळवा. माझ्याकडे जुनाच पत्ता आहे, त्यावरच हे टाकते आहे.

बॅग का भरली होती, हेही सांगायला हवं. आई तुमच्याकडे यायला निघाली होती.

मणक्याच्या दुसऱ्या ऑपरेशननंतर तिला वाकून गाडीत शिरता येत नव्हतं. मी अँब्युलन्स सुचवली. ती म्हणाली, "स्ट्रेचरवरून ताईच्या दारात? ती म्हणेल, हातपाय थकल्यावर आली. मी बसून जाणार, पुढच्या सीटवर." मग बाबांनी गाडी घेतली. एकतीस वर्षं शाळेची बस चालवली, पण स्वतःची गाडी ही पहिलीच. नुकतंच बाजारात आलेलं मॉडेल, गावात एकच. तिची पुढची सीट दाराबाहेर वळते आणि खाली येते. टेकायचं, बटण दाबायचं, सीट आपल्याला आत घेते.

गाडी ३ जानेवारीला आली. शोरूमने पहिल्या सात दिवसांचा विमा दिला होता. नेमके ते सात दिवस आई तापाने झोपून होती. त्यानंतर एकही कंपनी विमा द्यायला तयार होईना, कारण मॉडेल नवीन, त्यांच्या यादीत नाही. पहिला एजंट बाबांना म्हणाला, "काका, तुमची गाडी आमच्या कॉम्प्युटरच्या लेखी अजून जन्मलीच नाही." बाबा म्हणाले, "मग दारात उभी आहे ते काय भूत आहे?" दुसरा म्हणाला, सहा महिने रस्त्यावर धावू दे, मग बघू. विम्याशिवाय धावणार कशी, असं विचारल्यावर त्याने पुढच्या माणसाला आत बोलावलं. तिसऱ्याने हळूच सुचवलं की जुन्या मॉडेलच्या नावावर कागद करू, कोण बघायला येतंय? बाबा तिथून पाणीही न पिता उठले. बिनकागदाची गाडी त्यांनी आयुष्यात हलवली नाही, हे तुम्हाला माहीत आहे.

कागद वरच्या ऑफिसात अडकले होते. विमा २ मार्चला मिळाला. तोवर आई नव्हती.

तुम्हाला आधी कळवायचं नाही, ही तिचीच अट होती. "सांगून गेले तर दार लावून बसेल," असं ती म्हणायची.

शालीचं तेवढं कळवा.

तुमची भाची


२४ मार्च

मावशी,

तुझं पत्र मिळालं. "मावशीला 'तुम्ही' म्हणायला कुठल्या ऑफिसात शिकलीस?" हे पहिलंच वाक्य वाचून मी पत्र मिटलं. पुढचं दुसऱ्या दिवशी वाचलं. बरोबर आहे तुझं. चौथ्या वर्षापासून सातव्यापर्यंत मी तुझ्या घरात वाढले. तेव्हा 'तुम्ही' म्हटलं असतं तर पाठीत धपाटा बसला असता.

मग तू लिहिलंयस, "म्हणे गाडीचा विमा! नाचता येईना अंगण वाकडं. मनात असतं तर हातगाडीवर बसून आली असती. एकोणीस वर्षं तिला रस्ता सापडला नाही, आणि शेवटी सापडलं ते निमित्त. शाल ठेव तुझ्याकडे."

शाल ठेवते. पण निमित्ताबद्दल तू चुकते आहेस, आणि ते मला एकटीलाच सिद्ध करता येतं. म्हणून लिहिते.

मागच्या पत्रात मी 'वरचं ऑफिस' असं लिहिलं. ते माझंच ऑफिस. कागद ज्या टेबलावर अडकले तेही माझंच.

माझं काम असं आहे. नवी गाडी आली की आम्ही तिला ठरलेल्या वेगाने ठोकतो. काय मोडलं, त्याच्या सुट्या भागांची किंमत काय, दुरुस्तीला किती तास लागतील, आतल्या माणसाला कितपत इजा होईल, हे मोजतो आणि गाडीला एक गट क्रमांक देतो. तो क्रमांक यादीत चढला की सगळ्या कंपन्या विमा देतात. तोपर्यंत कुणीच देत नाही. त्यावर इंजिनीअर म्हणून सही माझी असते.

बाबांच्या गाडीची फाइल १६ जानेवारीला माझ्याकडे आली. घरातल्या कुणी तेच मॉडेल घेतलं असेल तर फाइल दुसऱ्याला द्यायची, असा आमच्याकडे नियम आहे. मी दिली नाही. शेजारच्या टेबलावरचा माणूस चांगला आहे, पण घाईचा आहे. त्याने एखादी गोष्ट नजरेआड केली तर, असं मनात आलं. त्या सीटवर कोण बसणार हे मला माहीत होतं, त्याला नव्हतं.

१९ तारखेला सगळं तयार होतं. फक्त एक आकडा माझ्या डोळ्यांत खुपत होता. सीट वळून आत आली की एका खिट्टीने जागेवर बसते. तीन धडकांत ती खिट्टी किती सरकली ते मोजलं होतं. पहिल्या दोन वेळा दीड मिलिमीटर, तिसऱ्या वेळी चार. पाचपर्यंत चालतं.

आमचे साहेब म्हणाले, "मर्यादेत आहे ना? मग कशाला उकरतेस पोरी?"

मी म्हणाले, "दीड, दीड आणि एकदम चार? हे जुळत नाही."

"जुळायला ती काय कविता आहे? सही कर आणि जेवायला चल."

मी सही केली नाही. फेरचाचणी मागितली. धडक द्यायचं यंत्र २३ फेब्रुवारीपर्यंत मोकळं नव्हतं. मी ती तारीख घेतली.

दुसऱ्या कुणाची आई त्या सीटवर बसणार असती तर मी त्याच दिवशी सही केली असती. अशा सह्या मी याआधी केल्या आहेत.

घरी मी एवढंच म्हणत राहिले, "वरून अडलंय." बाबा विचारायचे, "वर म्हणजे कोण? नाव सांग, मी जाऊन पाया पडतो." मी म्हणायचे, "तिथे कुणाला भेटू देत नाहीत." मग ते सकाळी अंघोळ करून, कागदांची पिशवी घेऊन पुढच्या एजंटकडे जायचे. माझं ऑफिस त्याच रस्त्यावर आहे. दोनदा मी त्यांना खिडकीतून जाताना पाहिलं.

आता तुला जे सांगायचं आहे ते.

जानेवारीच्या मध्यापासून आई रोज पाच वाजता गाडीत बसायची. सवय व्हावी म्हणून डॉक्टरांनी आधी दहा मिनिटं सांगितली होती, नंतर वीस. बाबा दार उघडायचे, सीट बाहेर यायची, ती टेकायची, आत जायची. बाबा स्टिअरिंगवर बसायचे. गाडी बंद, हातब्रेक ओढलेला. मला वाटायचं नुसतेच बसतात. एकदा त्या बाजूची खिडकी लावायला गेले तेव्हा ऐकू आलं.

आई विचारत होती, "आज कुठवर?"

"नदीवरचा पूल ओलांडला," बाबा म्हणाले. "डावीकडे विटांच्या भट्ट्या. धूर येतोय, काच वर घे."

आणि आईने काच वर घेतली.

रोज थोडं पुढे. साडेतीनशे किलोमीटरचा तो रस्ता बाबांनी शाळेच्या सहलींची बस घेऊन कितीतरी वेळा केलेला, त्यांना वळण न् वळण पाठ. कुठे थांबायचं, कुठे स्वच्छ संडास आहे, कुठल्या चढावर ट्रक मागे येतात, सगळं ते सांगायचे. आई मध्येच म्हणायची, "हळू घ्या हो, पोटात ढवळतंय." मी खिडकीआड उभी राहून ऐकायचे. मधले सहा दिवस मी ऑफिसातून लवकर आले, ते तेवढ्यासाठी. पण बाहेर जाऊन मागच्या सीटवर बसले नाही.

१० फेब्रुवारीला ते तुझ्या गावाच्या अलीकडच्या रेल्वे फाटकाशी पोचले होते. बाबा म्हणाले, "फाटक बंद आहे. उद्या जाऊ पुढे."

आई म्हणाली, "ताईने दार उघडलं की काय बोलू?"

"पाणी माग. पाण्याला कुणी नाही म्हणत नाही."

"नको. मी म्हणेन, तुझी पोर आणली आहे, बघ केवढी झाली. तू कामावर असताना, तिला तुला भेटूही न देता उचलून आणली होती, ते चुकलं माझं. आणि मग आत ये म्हणेपर्यंत मी पायरीवर उभी राहीन."

"उभं राहवेल का तुला?"

"तुम्ही धराल की."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला रक्ताची गाठ तिच्या फुप्फुसात गेली. मी ऑफिसात होते.

२३ तारखेला मी चाचणीला उभी होते. तीनही वेळा दीड. आधीचे चार मिलिमीटर खिट्टीचे नव्हतेच, मोजणारी तार ढिली बसवली गेली होती. मी सही केली. २६ला क्रमांक यादीत चढला. साहेब म्हणाले, "झालं का समाधान?"

तेव्हा तिला रस्ता सापडला नाही असं म्हणू नकोस. ती फाटकापर्यंत आली होती. अडवली मी.

बाबांना यातलं काहीच माहीत नाही.

तुझी भाची


७ एप्रिल

मावशी,

तुझं कार्ड आलं. दोनच ओळी. "आधी बापाला सांग. मग मला लिही."

रविवारी सांगितलं. ते अंगणात गाडीच्या काचा पुसत होते. मी समोर उभी राहून तारखांसकट सगळं सांगितलं, जसं तुला लिहिलं तसंच. मध्ये थांबले असते तर पुढे बोलता आलं नसतं. ते पुसत राहिले.

मग म्हणाले, "किती सरकली होती?"

"चार."

"आणि चालतं किती?"

"पाच."

त्यांनी फडकं पिळलं, पुसलेली काच पुन्हा पुसली. मला वाटलं आता ओरडतील. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. एकतीस वर्षांत त्यांच्या बसमधल्या पोरांवरही ते कधी ओरडले नाहीत.

फडकं तारेवर वाळत टाकून म्हणाले, "मला सांगितलं नाहीस, ठीक आहे. मी मागे लागलो असतो. पण तिला का नाही विचारलंस? ती आत बसलेली असायची, दहा पावलांवर. म्हणाली असती, चार तर चार, चला."

मावशी, हे मला सुचलंच नव्हतं. खरं सांगते. फेरचाचणी, यंत्राची तारीख, तारेचा ढिलेपणा, सगळ्याचा विचार मी केला. ज्या बाईसाठी मोजत होते तिचं म्हणणं काय असेल, हा प्रश्न माझ्या एकाही कागदावर नव्हता. मला ती मोडू नये एवढंच हवं होतं. तिला काय हवं होतं ते मी पाच वाजता खिडकीआडून ऐकत होते.

तेव्हापासून बाबा माझ्याशी कामापुरतं बोलतात. ताट वाढतात. "गॅस बंद केलास का?" विचारतात. माझ्या खोलीचा दिवा चालू राहिला तर येऊन बंद करतात. राग दिसत नाही. पण ते पूर्वी मला 'इंजिनीअरबाई' म्हणून हाक मारायचे, ती हाक आता नाही.

फाइल स्वतःकडे ठेवल्याचं मी साहेबांना लेखी कळवलं आहे. चौकशी होईल. त्याची मला भीती वाटत नाही. तिथे उत्तरं आहेत.

काल बाबा म्हणाले, "शनिवारी मी ताईंकडे जाऊन येतो." मी विचारलं, "मी येऊ?" ते म्हणाले, "नको. तुझ्या आईचं जे बोलायचं राहिलं ते मी बोलणार आहे. त्यात तुझं मिसळायला नको. तुझं तू जाऊन बोल, नंतर. बसने जा."

तेव्हा शनिवारी दुपारी एकच्या सुमारास ते येतील. त्यांना कमी ऐकू येतं, पण ते मान्य करत नाहीत. बेल एकदाच वाजवतील आणि तू आतून "आले" म्हणालीस तर ते त्यांना कळणार नाही. उशीर झाला तर परत फिरतील, तसा त्यांचा स्वभाव आहे. म्हणून एवढंच मागते, बाराच्या पुढे दार नुसतं लोटून ठेव.

माझ्यासाठी आत्ताच काही ठरवू नकोस. तू ये म्हणशील त्या दिवशी बसमध्ये बसेन. म्हणाली नाहीस, तर का नाही हे विचारायला एकदा येईन आणि पायरीवर उभी राहीन. या वेळी माझा अंदाज धरून बसणार नाही, विचारणार आहे.

तुम्हा दोघींचीच