अक्काच्या घशाचा फोटो

शहादा, ५ नोव्हेंबर १९६४
अक्का प्रकाशा गावाहून आली. चार महिने झाले, आवाज बसलेलाच. आई गेल्यावर हिनंच मला वाढवलं, आणि तेव्हा हिची हाक तापीपल्याड ऐकू जायची. आता कानाशी तोंड आणून कुजबुजते. काढे झाले, ज्येष्ठमध झालं. शेवटी आज डॉ.कडे नेली. त्यांनी घशात दुर्बीण घातली. दुर्बीण म्हणजे पितळी नळी, टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढा दिवा, मुंबईहून जुनी आणलेली. म्हणाले, स्वराच्या पडद्यावर काहीतरी आहे, वाईट आहे की साधं ते मला सांगता येत नाही, मुंबईला माझ्या सरांना दाखवा.
अक्का म्हणे, "माले कोठेच जानं नही." शेतात कापूस फुटलाय, वेचणीला बायका लावल्यात.
मी फोटोग्राफर, आपलं सहज बोलून गेलो, मग सरांना फोटो पाठवू. डॉ. हसले नाहीत. काढता येईल का, म्हणाले. घ्या! बोलून फसलो.

९ नोव्हें.
तांबटाकडून पितळी कडं करून घेतलं. कॅमेरा नळीच्या डोळ्यावर बसतो, पण डुगडुगतो. सुतळी गुंडाळली. सरावासाठी खाटकाकडून बोकडाचं मुंडकं आणलं. सौ. भडकली. शाकाहारी गुजराच्या घरात मुंडकं! स्टुडिओतून पाऊल आत टाकायचं नाही, आंघोळ करूनच या, म्हणाली. बरोबरच आहे तिचं.
रोल कोरा निघाला. एवढ्याशा दिव्याचा उजेड तो किती.

१४ नोव्हें.
अक्कावर पहिला प्रयत्न. घशात बधिर करायचं औषध फवारलं, मान मागे, नळी आत. मी कॅमेऱ्याला डोळा लावला आणि वीस वर्षांच्या सवयीनं म्हणालो, "जरा हसा." डॉ.नी असं बघितलं माझ्याकडे! अक्का मात्र नळीसकट गदगदली. फोटो हलला. बाकीचे सगळे धुरकट, श्वासाची वाफ भिंगावर बसते.

१५ नोव्हें.
आज नळीचं टोक आधी कोमट पाण्यात धरलं, वाफ धरली नाही. डॉ. म्हणाले श्वास रोखा, अक्कानं रोखला. दिवा अंधूक, म्हणून झडप प्रत्येकी अर्धा सेकंद उघडी. तीन फोटो.
संध्याकाळी फिल्म धुतली. आले! तिन्ही आले. नखाएवढं चित्र, पण स्वच्छ. दोन पडदे, मध्ये तांदळाच्या दाण्याएवढी फट. ह्या एवढ्याशा फटीतून ती हाक यायची. मला रडूच आलं.

१७ नोव्हें.
तिघांतला एक निवडून पोस्टकार्डाएवढा मोठा केला. उजव्या पडद्यावर धुळीचा पांढरा ठिपका उमटला होता, बारीक ब्रशनं शाई भरून साफ केला. ठिपक्यासकट कागद दुकानाबाहेर जाऊ द्यायचा नाही, ही उस्तादांची शिकवण. फार सुबक झाला. डॉ.च्या पत्रासोबत रजिस्टरनं मुंबईला रवाना.

२८ नोव्हें.
सरांचं उत्तर आलं. फोटोचं कौतुक केलंय! नुसती सूज दिसते, महिनाभर बोलू नका, मुंबईला यायची घाई नाही. अक्का दुपारच्याच मोटारीनं प्रकाशाला. मी पेढे वाटले. डॉ. पेढा हातात धरून म्हणाले, मला तिथं पांढरं काहीतरी दिसलं होतं. मग म्हणाले, असो, सर मोठे.

३ डिसें.
डॉ.ना संग्रहासाठी तिन्ही फोटो हवेत. छापायला बसलो. पहिल्यावर तो पांढरा ठिपका. दुसऱ्यावर पण. तिसऱ्यावर पण. तिथंच, उजव्या पडद्यावर. निगेटिव्ह फुंकली, मऊ कातड्यानं पुसली, परत छापलं. तिथंच.
धूळ तीन वेळा एका जागी बसत नाही.
देवा, मी काय करून बसलो. अक्काचा आजार मी ब्रशनं

४ डिसें.
दोनदा दवाखान्यापर्यंत गेलो आणि परत आलो. एकदा गर्दी होती. एकदा नव्हती, तरी आलो. गावात तोंड कसं दाखवू? सौ.ला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "तुमची अब्रू मोठी का अक्का मोठी?" जेवलो नाही.

५ डिसें.
सांगून टाकलं. शिव्या घालतील वाटलं होतं. डॉ. खुर्चीत मागे टेकले. मग म्हणाले, "मी डोळ्यांनी पाहिलं होतं आणि कागदावर विश्वास ठेवला. माझी चूक जास्त." जास्त कशी असेल? ठिपके न भरलेले तिन्ही फोटो आजच टपालात टाकले. पण उत्तराची वाट बघायची नाही, अक्काला घेऊनच निघा, म्हणतात.

६ डिसें.
प्रकाशा. अक्का शेतात होती, ओटीत कापूस. बांधावर बसवून सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मीच रडायला लागलो. बोलायची मनाई, तरी कुजबुजली,
"मन्हा तोंडवरना देवीना वण बी तूच पुसेल व्हतात. तो फोटो माले भलता आवडस."
तिचा जुना फोटो, त्यातले देवीचे वण मी ब्रशनं भरले होते. मग तिनं ओटीतला कापूस गाठोड्यात ओतला आणि कधी निघायचं ते विचारलं.

१० डिसें., मुंबई
नंदुरबारहून गाडीनं आलो. मामेभावाच्या खोलीवर उतरलोय. आज सरांनी दुर्बीण घालून त्या जागेचा तुकडा काढला, तपासायला दिलाय. मला रागावले, आणि मग कडं कसं बसवलं ते विचारत बसले. पांढरं होतंच. काय आहे ते तुकडा सांगेल. रिपोर्ट आठ दिवसांनी.
तोवर अक्कानं कुजबुजायचंसुद्धा नाही. सगळं खुणांनी. संध्याकाळी माझ्या खिशाकडे बोट केलं. ठिपका न भरलेला फोटो दिला. खिडकीशी नेऊन तिनं ठिपक्यावर बोट ठेवलं, तेवढा झाकला, बाकीचं निरखून पाहिलं. मग बोट उचललं. तसाच बघत बसली. मी घ्यायला हात पुढे केला तर दिला नाही.