पोपटीत जळालेल्या चाळीस पेंढ्यांबाबत

प्रति,
मा. पडताळणी अधिकारी,
ग्रामीण जैवऊर्जा पडताळणी कक्ष,
रोहा, जि. रायगड.

अर्जदार : हैबतराव सखा मोकल, धंदा शेती, मु. गागोदे बुद्रुक, ता. पेण.

विषय : कु. प्रणिता हैबतराव मोकल हिच्या बायोगॅस प्रकल्पाची फेरपाहणी १० फेब्रुवारीपूर्वी होणेबाबत. पहिल्या पाहणीत प्रकल्प पाहुणचारात खर्ची पडल्यामुळे.

संदर्भ : आपल्या पथकाचा दि. ९ जानेवारी २०२५ रोजीचा पाहणी अहवाल.

महोदय,

१. अर्जदाराची मुलगी प्रणिता इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. शेण व भाताचा पेंढा यांपासून गॅस करण्याचे शास्त्र पुढे शिकण्यासाठी तिला स्वीडन देशातील विद्यापीठात जागा मिळाली आहे. शेण व पेंढा दोन्ही गागोद्यात मुबलक असताना त्यासाठी स्वीडनला कशाला जायचे, असा प्रश्न अर्जदाराने सुरुवातीस विचारला होता. तो प्रश्न अर्जदार या अर्जाद्वारे मागे घेत आहे.

२. विद्यापीठाची अट एकच आहे. तिने परसात उभारलेला प्रकल्प चालतो, असा दाखला १० फेब्रुवारीपर्यंत पोचला पाहिजे. न पोचल्यास जागा दुसऱ्यास जाते. दाखला आपल्या सहीचा लागतो, म्हणून पथक आले.

३. पथकासमोर दोन गोष्टी दाखवायच्या होत्या. पहिली, वजन करून, उन्हात सुकवून, प्रत्येकीस नंबराची पत्र्याची चकती बांधलेल्या चाळीस पेंढ्या टाकीत घालणे. दुसरी, आधीच फुग्यात साठलेल्या गॅसवर शेगडी पेटवणे. प्रणिता पथकास घेण्यासाठी सकाळीच रामवाडीस जाऊन हायवेला उभी राहिली. पथक दुसऱ्या वाटेने, तासभर आधी, थेट दारात आले. येथपर्यंत कोणाचीही चूक नाही.

४. येथून पुढे अर्जदाराची आहे. पौषात पाहुणा दारी आला आणि पोपटी न खाता गेला, असे अर्जदाराच्या घरात कधी झालेले नाही. आपण रोह्याचे, त्यामुळे पोपटी म्हणजे काय हे आपणांस सांगणे आगाऊपणाचे होईल. तथापि फाइल वर गेल्यास वरच्यांना कळावे म्हणून नमूद करतो. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी व कोंबडी भरून मडके उपडे घालतात व भोवती जाळ करतात. जाळ चांगला व्हायला पेंढा खडखडीत वाळलेला लागतो. शेजारी कमळाकर यांचा पोपटी लावण्यात कोणी हात धरत नाही. त्यांनी परसात नजर टाकली व सर्वांत वाळलेला पेंढा कोणता, हे अचूक ओळखले. चकत्या पाहून त्यांना वाटले, पोरीने लग्नासारखी तयारी केली आहे. अर्जदार तेथेच उभा होता व "घ्या, घ्या" म्हणाला.

५. इकडे अर्जदाराची पत्नी हौसा हिने पहाटेपासून वडे तळण्यास घेतले होते. गॅस घरचा, फुकटचा, म्हणून तिने हात आखडता घेतला नाही. शेवटचा घाणा निघाला तेव्हा फुगा चपटा झाला होता.

६. प्रणिता परत आली तेव्हा पथक हात धूत होते. शेगडी पेटली नाही. पेंढ्यांच्या जागी राख होती. अहवालात लिहिले गेले : "कच्चा माल : निरंक. वायू : निरंक. आदरातिथ्य : उत्तम." यातील एकही अक्षर खोटे नाही, हीच अर्जदाराची अडचण आहे.

७. तरीही अर्जदार नम्रपणे विचारू इच्छितो, की तीन सदस्यांनी मिळून खाल्लेले सव्वीस वडे कशावर तळले गेले? आपल्या छापील नमुन्यात तसा रकाना नाही, हे मान्य आहे. परंतु वायू निरंक असेल तर वडेही निरंक धरावे लागतील, आणि ते पथकास मान्य होईल असे वाटत नाही. पोपटीच्या राखेतून सदतीस चकत्या सापडल्या, त्या सोबत जोडल्या आहेत. उरलेल्या तीन कोठे गेल्या ते माहीत नाही. मडके फोडताना शेंगांत मिसळल्या असल्यास सदस्यांनी प्रकृतीची काळजी घ्यावी.

८. फेरपाहणी पुढील हंगामातच होते, असे आपल्या कार्यालयाचे उत्तर आले. पुढील हंगामात स्वीडन तेथेच असेल, जागा नसेल. चार वर्षे पोरीने शेणात हात घातले आणि बापाने ऐन दिवशी शेण खाल्ले. ती रागावून बोलली असती तर बरे झाले असते. तिसऱ्या दिवशी अर्जदारानेच विषय काढला, तेव्हा म्हणाली, "पावने उपाशी गेले असते तं मलाबी नाय आवडलं असतं, बाबा." त्या दिवसापासून अर्जदारास जेवण गोड लागत नाही.

९. सबब गावातील अकरा घरांनी दिलेल्या पेंढ्यांतून नव्या चाळीस मोजून, सुकवून, माळ्यावर कुलपात ठेवल्या आहेत. किल्ली प्रणिताकडे आहे. फुगा पुन्हा भरला आहे. अठरा दिवस घरचा स्वयंपाक लाकडांवर चालला असून शेगडीस कोणी हात लावलेला नाही.

१०. फेरपाहणीस पथकास काहीही खाऊ घालणार नाही, अशी लेखी हमी द्यावी, असे अर्जदाराच्या मनात होते. त्यावर पत्नीने सांगितले, "दाखला नाय मिळाला तरी चालंल, पन पावन्याला पानी देनार नाय, असं मी लिवून देनार नाय." दाखला न मिळणे तिलाही चालणार नाही, हे अर्जदारास माहीत आहे, ती चुलीपुढे रडते ती धुराने नव्हे. पण हमीवर तिची सही होणार नाही.

११. म्हणून दुसरा मार्ग काढला आहे. आपण कळवाल त्या दिवशी अर्जदार व पत्नी दोघेही पहाटेच जिते येथे मेहुणीकडे जातील व पथक गेल्याचा फोन आल्याशिवाय परतणार नाहीत. घरात फक्त प्रणिता असेल. आपले स्वागत करायला घरचे मोठे कोणी दारात नाही, याचा कृपया राग मानू नये. पुढे दोन वर्षे ती या घरात नसणार. तिच्यासाठी एक दिवस आम्ही नसलो, तर फार काही नाही.

दिवस लवकर कळवावा, ही विनंती.

आपल्या पत्राकडे डोळे लावून बसलेला,
(सही)
हैबतराव सखा मोकल
गागोदे बुद्रुक, दि. २७ जानेवारी २०२५

सोबत : १) विद्यापीठाच्या पत्राची प्रत. २) पाहणी अहवालाची प्रत. ३) पत्र्याच्या चकत्या, नग ३७.