तिलाच इचारा

आई, घरात बाकीची भावंडं तुला आये म्हणायची. मला ते कधी ऐकू आलं नाही, म्हणून मुंबईच्या बहिऱ्या-मुक्यांच्या शाळेत शिकवलेलं ‘आई’ मी घरी घेऊन आले, आणि तुला तशी हाक मारणारी मी एकटीच राहिले. आज लिहायला बसलेय. तू असतीस तरी तुला हे वाचता आलं नसतं. ताईनं वाचून दाखवलं असतं, पण आता तीही नाही.

स्वराज्य येऊन फार वर्षं झाली नव्हती. नागावच्या शाळेतले मास्तर आपल्या अंगणात उभे आहेत. तू दोरीवर बोंबील वाळत घालतेयस आणि मी टोपलीतून एकेक तुझ्या हातात देतेय. मोठ्यांची तोंडं हलतायत, बाबा नाही नाही अशी मान हलवतायत, मधूनच सगळे माझ्याकडे बघतायत. मला वाटलं, माझ्या हातून काहीतरी सांडलंय. काय बोलणं झालं ते ताईनं पुष्कळ वर्षांनी लिहून दाखवलं. मास्तर सांगत होते की सरकार अशा मुलांना शिष्यवृत्ती देतं, राहणं-जेवण शाळेतच होतं. बाबा म्हणाले, “मुकी पोर. मुंबैत हरवली तर सोताचं नाव तरी सांगंल का कुनाला?” आणि तू म्हणालीस, “म्हनूनच जाऊ दे. नाव सांगाया शिकंल.”

मला मात्र हे कुणी सांगू शकत नव्हतं. तू मला नवा परकर नेसवलास, रेवसहून मुंबईच्या लाँचमध्ये मांडीवर घेऊन बसलीस, आणि एका मोठ्या इमारतीत अनोळखी बाईंच्या हाती देऊन निघून गेलीस. सुट्टी लागली की तू न्यायला येणार आहेस, हे मला तू येईपर्यंत माहीत नव्हतं. त्या बाई वाईट नव्हत्या. माझा तळहात आपल्या गळ्यावर धरायच्या, मग माझ्याच गळ्यावर ठेवायच्या, आणि तिथं थरथर उमटेपर्यंत आरशासमोरून हलू द्यायच्या नाहीत. हातवारे केले की मनगटावर पट्टी बसायची. त्या पहिल्या सुट्टीत अंगणात आल्यावर मी हात पाठीमागे घट्ट धरले आणि ‘आई’ म्हटलं. तू मला जवळ ओढलंस आणि माझ्या खांद्यात तोंड खुपसून खूप वेळ काहीतरी बोललीस. मला ओठ बघितल्याशिवाय कळत नाही, हे त्या क्षणी तू विसरलीस. काय बोललीस ते मी कधी विचारलं नाही.

शाळेनं पुढं शिवणकाम शिकवलं. अपंगांना नोकऱ्या लावून देणारं सरकारी ऑफिस मुंबईत निघालं होतं, तिथं तू माझ्याबरोबर आलीस, गावाहून, डोक्याला अबोलीची वेणी घालून. टेबलामागचा माणूस सगळं तुलाच विचारत होता. हिला मशीन येतं का, ही वेळेवर येईल का, हिला राग येतो का. तू थोडा वेळ ऐकून घेतलंस. मग माझ्याकडे बोट केलंस. तुझं तोंड माझ्या बाजूला होतं, म्हणून मला नीट दिसलं, “तिलाच इचारा.” तो गडबडला. कागदावर त्यानं लिहिलं, काय काम येतं? मी म्हटलं, “शिवण.” बहुतेक फार मोठ्यानं म्हटलं, कारण खोलीतल्या सगळ्या माना वळल्या. तू तेवढी वळली नाहीस, समोरच बघत राहिलीस.

सरकारी इस्पितळाच्या शिवणखोलीत लागले. चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनचे झगे. तू गेलीस तेव्हाही मी मशीनवरच होते. लोक म्हणायचे नशीब काढलं, आणि ते खोटं नव्हतं. पण दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडाकडे बघून माणूस किती थकतं, हे मी कुणाला सांगू शकले नाही. दुपारी डबे उघडले की बायका हसायच्या. कोण बोललं हे मी शोधेपर्यंत बोलणं संपलेलं असायचं. काय झालं विचारलं की म्हणायच्या, काही नाही, नंतर सांगते. मी नोकरी संपेपर्यंत वाट बघितली. नंतर कुणी सांगितलं नाही.

आता गुडघे धरतात. तरी मला ऐकू येत नाही याचा दाखला नवा करायला मधूनमधून जावं लागतं, जसं काही मधल्या काळात ऐकू यायला लागलं असेल. हे पत्र घडी करून कपाटात ठेवेन, दुसरं काय करणार. एक मात्र तुला सांगून ठेवते. गेल्या आठवड्यात दाखल्याच्या खिडकीवरच्या मुलीनं मान खाली घालून काहीतरी विचारलं. मी पुन्हा बोला म्हटलं, तेव्हा वैतागून तिनं वर बघितलं. “सोबत कोण आहे?” खरं सांगायचा मला कंटाळा आला होता. मी म्हटलं, आई आहे, बाहेर बाकावर बसलीय. तिनं माझ्या पांढऱ्या केसांकडे बघितलंसुद्धा नाही. तसं लिहून घेतलं, आणि शिक्का मारला.